मोटारीचे हेड : ते का उतरवितात आणि कसे बसवितात

बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता लवकरच घाटाला लागतो. मे महिन्याच्या दुपारी हवा आधीच चाळीस अंशांच्या वर तापलेली असते. त्यात गाडी माणसांनी भरलेली, गिअर खालचा, एंजिनाची गती मोठी आणि गाडीची चाल मात्र मंद. रेडिएटरमधून पुरेसा वारा खेळत नाही. पाण्याचे तापमान दाखविणारा काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागतो. शहाणा चालक अशा वेळी गाडी सावलीत उभी करतो आणि अर्धा तास झाडाखाली बसून राहतो. घाईतला चालक म्हणतो, 'एवढा घाट तर चढून जाऊ.' पुढे काही दिवसांनी त्याची गाडी मिस्त्रीच्या दारात उभी असते आणि मिस्त्री एकच वाक्य बोलतो, "साहेब, हेड उतरवावे लागेल."

हे हेड म्हणजे काय, ते उतरविण्याची पाळी का येते आणि पुन्हा बसविताना एवढे सोवळे का पाळावे लागते, हे या लेखात पाहावयाचे आहे. आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेने होणारे प्रसरण, द्रवाचा दाब आणि घर्षण ही प्रकरणे वेगवेगळी छापलेली असतात. मिस्त्रीच्या बाकावर ती तिन्ही एकाच वेळी समोर येतात.

एंजिनाचा मुख्य भाग म्हणजे बिडाचा एक जड ठोकळा. त्यात उभी, गुळगुळीत भोके कोरलेली असतात. ती सिलिंडर होत. प्रत्येक सिलिंडरात एक दट्ट्या वरखाली होतो. सिलिंडरांची वरची तोंडे बंद करणारे जाड, पोकळ झाकण म्हणजे हेड. झाकण म्हटले तरी ते केवळ झाकण नव्हे. हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा हेडात असतात, ठिणगी पाडणारे प्लग त्यातच बसतात आणि त्याच्या पोटातील वाटांनी पाणी व तेल फिरत असते. ठोकळा आणि हेड यांच्यामध्ये दीड-एक मिलिमीटर जाडीचे जे पान घालतात, त्याला गॅस्केट म्हणतात. घरच्या प्रेशर कुकरच्या झाकणातील रबरी कडीचे काम आपण पाहिलेच आहे. हे पानही तेच काम करते, पण कुकरात एकटी वाफ कोंडावयाची असते, तर येथे आग, पाणी आणि तेल अशा तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवावयाच्या असतात, आणि त्यांच्यामधील अंतर काही ठिकाणी बोटभरदेखील नसते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ही गाडी तयार होत असे. पुढे तीच प्रीमियर पद्मिनी या नावाने देशभर ओळखली गेली. तिच्या एंजिनाला चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल ७५ मिलिमीटर; चारही सिलिंडरांचे मिळून घनफळ १०८९ घन सेंटिमीटर. वर्गातील सूत्र वापरले तर एका सिलिंडराच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर भरते. एंजिन जोरात चालले असता पेट्रोल पेटताच आतील दाब एका चौरस सेंटिमीटरला ४० किलोग्रॅमच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे हेडाला वर उचलू पाहणारा जोर एका सिलिंडरामागे चौदाशे किलोग्रॅमांच्या वर जातो. त्या रिकाम्या गाडीचे स्वतःचे वजन सुमारे नऊशे किलोग्रॅमच होते! एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हा धक्का प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला पंचवीस वेळा बसतो. हे सारे सोसून हेडाला जागेवर दाबून धरण्याचे काम काही पोलादी बोल्टांचे असते.

त्या गाडीचा ठोकळा बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे होते. अॅल्युमिनियम हलके असते व उष्णता चटकन वाहून नेते, म्हणून हेडासाठी ते पसंत पडले. पण एक अडचण आहे. चाळीस सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या, एक अॅल्युमिनियमची व एक बिडाची, आणि दोन्ही २० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापवा. अॅल्युमिनियमची पट्टी सुमारे ०.६४ मिलिमीटर वाढेल, बिडाची ०.३१ मिलिमीटर. दर खेपेस एंजिन तापते व निवते, तेव्हा हेड आणि ठोकळा एकमेकांवर अशा रीतीने केसभर सरकतात आणि मधले पान ते निमूटपणे सोसते. पाणी पुरेसे असेतोवर हे चालते. पाणी उकळून गेले की हेडाचा काही भाग भलताच तापतो आणि काही भाग त्या मानाने थंड राहतो. तापलेल्या भागाला वाढावयास जागा नसते, कारण बोल्टांनी ते जखडलेले असते. मग धातू आतल्या आत दबते आणि निवल्यावर मूळ आकाराला येत नाही. हेड वाकडे होते. हा वाक डोळ्यांना दिसत नाही. पण त्या फटीतून सेकंदाला पंचवीस वेळा ज्वाळा डोकावू लागली की पानाची कड जळावयास वेळ लागत नाही.

येथे एक सूचना केलीच पाहिजे. उकळलेल्या एंजिनाच्या रेडिएटरचे टोपण लगेच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्याही वर तापलेले असते. टोपण निघताच त्याची एकदम वाफ होऊन ते चेहऱ्यावर उसळते. असे भाजलेले चालक थोडे नाहीत. तसेच तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतणे म्हणजे तापलेल्या काचेच्या पेल्यात थंड पाणी ओतण्यासारखे आहे. बिडाला तडा गेला तर पान बदलून भागत नाही.

गॅस्केट गेले हे हेड उतरविण्यापूर्वीच ओळखता येते. कोठे गळती दिसत नाही, तरी रोज पाणी कमी होते. एंजिन तापल्यावरही मागच्या नळीतून पांढरी वाफ निघत राहते. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात. तेल भरण्याच्या टोपणाखाली दुधाळ चहासारखा चिकट साका धरतो. तेलात पाणी मिसळल्याची ही खूण. थंडीच्या दिवसांत केवळ दवानेही थोडा साका जमतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. दोन शेजारच्या सिलिंडरांचा दाब एकदमच कमी भरला, तर त्यांच्यामधील पानाची पट्टी जळाली असे समजण्यास हरकत नाही.

आता उतरविण्याकडे वळू. पहिली अट अशी की एंजिन पूर्ण थंड असावे; रात्रभर तसेच ठेवून सकाळी काम धरलेले बरे. कोमट हेडाचे बोल्ट सोडले तर ते मोकळे होताना आणखी वाकण्याचा संभव असतो. प्रथम बॅटरीची तार सोडावी, कारण पुढे पेट्रोलची नळी उघडावयाची आहे आणि पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. मग खालची तोटी सोडून पाणी काढून घ्यावे. त्यात हल्ली जे शीतक द्रव्य घालतात ते चवीला गोड पण विषारी असते. ते गटारात किंवा अंगणात ओतू नये, गुरे-कुत्री ते चाटतात. यानंतर हवेची गाळणी, कार्ब्युरेटर, धुराच्या नळ्यांचा जोड, रबरी नळ्या व प्लगांच्या तारा एकामागून एक काढाव्यात आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधावी. धुराच्या नळीचे नट उष्णतेने गंजून घट्ट झालेले असतात. आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे. नुसता जोर लावला तर स्टड मोडतो आणि एका दिवसाचे काम तीन दिवसांवर जाते.

वरचे पत्र्याचे झाकण काढले की रॉकरांची रांग दिसते. फियाटसारख्या जुन्या एंजिनात झडपा उघडणारा कॅमदंड खाली ठोकळ्यात असतो. त्याचा धक्का पुशरॉड नावाच्या बारीक सळया वर रॉकरांपर्यंत पोचवितात. रॉकरांचा दांडा सोडल्यावर या सळया एकेक करून काढावयाच्या. काढताना थोडी पिळून वर घ्यावी, म्हणजे तळाचा टॅपेट तिच्याबरोबर ओढला जात नाही. एका पुठ्ठ्याला आठ भोके पाडून, त्यांवर आकडे घालून, सळया त्याच क्रमाने त्यात खोचून ठेवाव्यात. प्रत्येक सळी वर्षानुवर्षे आपल्याच जागी घासून तेथल्या खोबणीशी जुळलेली असते. जागा बदलली की झीज पहिल्यापासून सुरू होते. माझ्या मते मिस्त्री निवडावयाचा झाल्यास त्याची हत्यारांची पेटी पाहण्यापेक्षा हा पुठ्ठा पाहावा.

हेडाचे नट सोडताना कडेपासून सुरुवात करून मध्याकडे यावे, आणि प्रत्येक नट एकदम न सोडता सर्वांना थोडे थोडे ढिले करीत जावे. सगळे नट निघाले तरी हेड बहुधा हलत नाही. जुने पान दोन्ही बाजूंना चिकटलेले असते. नवशिक्याचा हात अशा वेळी पेचकसाकडे जातो. पेचकस फटीत घालून हेड उचकटले की मऊ अॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो, आणि नेमक्या त्याच ओरखड्यातून पुढे पाणी झिरपते. लाकडी मोगरीने हेडाच्या भरीव भागावर बाजूंनी हलके ठोके द्यावेत. ते सुटले की दोघांनी मिळून सरळ वर उचलावे.

उतरविलेल्या हेडाची खालची बाजू पाहणे हा सगळ्या कामातील सर्वांत बोधप्रद भाग होय. जळालेल्या पानावर काळी वाट उमटलेली असते. आग कोठून कोठे गेली ते ती सांगते. चारपैकी तीन दट्ट्यांच्या माथ्यांवर काजळी असावी आणि एक मात्र घासून पुसल्यासारखा लख्ख असावा, असेही दिसते. तो स्वच्छ दट्ट्या पाहून आनंद मानू नये! त्याच सिलिंडरात पाणी शिरत होते आणि त्याची वाफ काजळी धुऊन काढीत होती.

साफसफाई कंटाळवाणी असते, पण दुसऱ्यांदा हेड उतरविण्याची वेळ बहुतेक वेळा येथल्याच आळसाने येते. सिलिंडरांत चिंध्या कोंबून ठोकळ्याचा माथा खरवडावा. हेडासाठी लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्यावी. जुन्या गाड्यांच्या पानांत तांब्याच्या पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस भरलेले असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते हे आता निश्चित ठाऊक आहे, म्हणून असे पान कोरडे खरवडू नये. ओले करून काढावे व पिशवीत बंद करून टाकावे. बोल्टांची तळबंद भोकेही विसरू नयेत. तळाशी तेल किंवा पाणी राहिले आणि वरून बोल्ट पिळला, तर द्रव दबत नाही, पळावयास वाट नसते, आणि त्या दाबाने बिडाचा ठोकळा फुटतो. प्रेसच्या यंत्राचे तत्त्व पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

मग हेडाची परीक्षा. एक अचूक सरळ पोलादी पट्टी हेडावर उभी धरावयाची, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर, आणि तिच्याखाली फीलरची पातळ पाती सरकवून पाहावयाची. किती वाक चालेल हे त्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, साधारणपणे ०.१ मिलिमीटरची पाती आत गेली की हेड यंत्रावर घासून सपाट करावे लागते. आपल्या वहीच्या पानाची जाडी जवळपास तेवढीच असते. घासण्यालाही मर्यादा आहे. प्रत्येक घासणीने ज्वलनाची जागा लहान होते, हवा-पेट्रोल अधिक दाबले जाते आणि एंजिन ठोकू लागते. 'होऊन जाऊ द्या एकदा' म्हणून विनाकारण हेड घासून घेणे बरे नव्हे. हेड हाती आहेच तर झडपांची बैठक तपासावी. हेड उलटे ठेवून ज्वलनाच्या खळग्यात थोडे रॉकेल ओतावे. झडपेखालून ते पाझरले तर झडप घासून बसविणे आवश्यक आहे.

बसविताना पान नवेच घ्यावे. एकदा दाबले गेलेले पान दुसऱ्यांदा तसे दबत नाही. त्याची वरची बाजू कोणती ते पाहावे, पाण्याची व तेलाची भोके जुळतात की नाही ते पाहावे, आणि हेड सरळ खाली ठेवावे. येथून पुढचा भाग मात्र केवळ ताकदीने साधत नाही.

पोलादी बोल्ट आपल्याला ताठ व निर्जीव वाटतो, पण तो एक अतिशय कडक स्प्रिंग असतो. नट पिळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि आखडू पाहतो. त्या आखडण्यानेच हेड दाबले जाते. असा ताण सोसणाऱ्या पोलादात मँगनीज असावेच लागते. लोखंडात राहिलेले गंधक तापलेल्या पोलादाला ठिसूळ करते. मँगनीज त्या गंधकाला आपल्याशी बांधून घेते आणि पोलादाला बळकटीही देते. आपल्या भरवेलीच्या खाणीतून काढतात तेच हे मँगनीज, आणि जुन्या गॅस्केटच्या पत्र्याचे तांबे १९८२ पासून याच जिल्ह्यातील मलाजखंडला काढले जात आहे. बालाघाटच्या मुलांना मोटारीचे एंजिन परके वाटण्याचे तसे कारण नाही.

नट किती पिळावा हे मोजण्यासाठी टॉर्क पाना असतो. अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला १४ किलोग्रॅमचा जोर दिला, तर पीळ ७ किलोग्रॅम-मीटर झाला. पण या पिळापैकी बोल्ट ताणण्याच्या कामी जेमतेम दहावा हिस्सा येतो. बाकीचे नऊ हिस्से आट्यांतील आणि नटाखालच्या घर्षणात खर्च होतात. आटे गंजलेले, मळलेले असले तर घर्षण आणखी वाढते. पान्यावरचा आकडा बरोबर दिसतो आणि बोल्ट मात्र हवा तेवढा ताणलेलाच नसतो. म्हणून आटे स्वच्छ हवेत, आणि त्यांना तेल लावावे की नाही याविषयी पुस्तक सांगेल तेच करावे.

पिळण्याचा क्रम उतरविण्याच्या उलट, मध्यापासून कडेकडे. वहीवर चित्र चिकटविताना आपण हात मधोमध ठेवून कडांकडे फिरवितो. कडा आधी दाबल्या तर मध्ये फुगवटा राहतो. हेडाचेही तसेच. समजा, पाच-पाचच्या दोन ओळींत दहा नट आहेत. आधी मधले दोन, मग त्यांच्या शेजारचे आळीपाळीने तिरप्या रेषेत, आणि सर्वांत शेवटी चार कोपरे. ही फेरीही एकदा करून भागत नाही. पहिल्या फेरीत सुमारे एकतृतीयांश पीळ, दुसरीत दोनतृतीयांश, तिसरीत पूर्ण. 'हाताचा अंदाज आहे' असे म्हणणारे जुने, सराईत मिस्त्री आहेत आणि त्यांचा अंदाज खरोखर अचूक असतो हेही मान्य केले पाहिजे. तरी दहा नटांना दहाही वेळा सारखाच अंदाज लागेल यावर एंजिन पणाला लावावे, असे मला वाटत नाही.

पुशरॉड आपापल्या जागी गेले, रॉकर बसले, की रॉकर आणि झडपेच्या दांड्यामधील फट जुळवावयाची. तापल्यावर झडपेचा दांडा वाढतो. त्याला जागा ठेवली नाही तर झडप पुरती मिटत नाही व जळते. अॅम्बॅसडर गाडीच्या जुन्या पेट्रोल एंजिनासाठी मिस्त्री एक गमतीदार हिशेब वापरीत. झडपांना एक ते आठ आकडे द्यावयाचे. आठवी झडप पूर्ण उघडली असेल तेव्हा पहिलीची फट जुळवावी. सातवी उघडी असेल तेव्हा दुसरीची. सहावी उघडी असेल तेव्हा तिसरीची. दोन आकड्यांची बेरीज दर वेळी नऊ! कॅमदंडावर एक उंचवटा पुरता वर असताना त्याच्या जोडीचा पुरता खाली असतो, एवढेच त्याचे रहस्य.

हल्लीच्या गाड्यांत पुष्कळ फरक पडला आहे. कॅमदंड वर हेडात गेला असून तो साखळीने किंवा पट्ट्याने फिरतो. म्हणून हेड उतरविण्यापूर्वी चाकांवरच्या खुणा जुळवून ठेवाव्या लागतात. त्या चुकल्या तर काही एंजिनांत दट्ट्या झडपेवर आदळतो. पान आता बहुधा पोलादाच्या पातळ थरांचे असते. बोल्ट ठराविक पिळानंतर आणखी काही अंशांच्या कोनातून फिरवितात, आणि असे ताणलेले बोल्ट बहुधा पुन्हा वापरीत नाहीत. प्रीमियर पद्मिनी तर आता दुर्मीळच झाली. मुंबईतील तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. मध्यापासून कडेकडे जाण्याचा क्रम मात्र अजून तोच आहे.

सगळे जोडून झाल्यावर नवे तेल व नवे पाणी भरावे. जुन्या तेलात पाणी गेलेले असते आणि तशा तेलाने बेअरिंगे खराब होतात. एंजिन सुरू करून ते पूर्ण तापेपर्यंत हळू चालू ठेवावे, पाण्यातील कोंडलेली हवा बाहेर पडू द्यावी, आणि जोडावर कोठे थेंब दिसतो का ते पाहत राहावे. मागच्या नळीतून पहिली काही मिनिटे वाफ येईल. ती आत साठलेल्या पाण्याची असते आणि थोड्या वेळाने थांबते. जुन्या पद्धतीचे पान असेल तर एंजिन पुन्हा थंड झाल्यावर त्याच क्रमाने नट एकदा तपासून घ्यावेत, कारण तापून-निवून पान थोडे बसते. हेड तेवढे खाली आले म्हणजे रॉकरांची फटही बदलते. तीही परत मोजावी. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, एंजिन चालू करण्यापूर्वी, रेडिएटरमधले पाणी पाहावे आणि तेलाची सळई बाहेर काढून पांढऱ्या चिंधीवर पुसून पाहावी.